डबा परत करायला बडोद्याला

पुणे स्टेशनवर गाडीत चढताना माझ्या पिशवीत दोन जोड कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि लिल्या चिवड्याचा एक न उघडलेला डबा होता. लिलो चिवडो म्हणजे बडोद्याचा तो प्रसिद्ध ओलसर, गोड-तिखट बटाट्याचा चिवडा. शहाणी माणसं तो बडोद्याहून घरी आणतात. मी तो घरून बडोद्याला घेऊन चाललो होतो.

डबा पाठवला होता वसुधा शिर्के यांनी. भारताच्या महिला क्रिकेट संघाच्या त्या एके काळच्या कॅप्टन. आणि पाठवला होता माझ्या थोरल्या बहिणीला, नलूताईला. नलूताई त्याच संघाची विकेटकीपर. दोघी एका ताटात जेवायच्या म्हणे. मग एका कसोटीच्या दिवशी सकाळी कॅप्टनबाईंनी नलूताईला काढलं आणि बडोद्याच्याच एका नवख्या मुलीला उभं केलं. त्या मुलीनं मोक्याच्या वेळी झेल सोडला, सामना गेला, मालिका गेली, पाठोपाठ बाईंची कॅप्टनशिपही गेली. नलूताईला पुन्हा कुणी संघात बोलावलं नाही. या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली असतील. ‘वसूनं गावच्या पोरीसाठी माझा गळा कापला,’ हे वाक्य आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ आहे. सामन्यानंतर घरी येऊन रागानं कपाटाचं दार आपटताना नलूताईचं बोट सापडलं, त्याचं शेवटचं पेरं आजही खाली झुकलेलं आहे. हा त्या गोष्टीचा शेवट.

आता एवढ्या वर्षांनी बडोद्याहून फोन आला. नलूताईनं नाव ऐकून तो ठेवून दिला. आठवड्यानं डबा आला.

“हिला काहीतरी काढायचंय माझ्याकडून,” नलूताई डब्याकडे बॉम्ब असल्यासारखी बघत म्हणाली. “तू जन्मभर लोकांच्या खोड्या पकडत आलास ना, विनू? मग जा. डबा तिच्या हातात दे आणि काय हवंय ते बघून ये.”

मी विमा कंपन्यांसाठी अपघाताचे दावे तपासत असे. कुणाची बोटं यंत्रात गेली, कुणाची भांडणात गेली, हे बघणं हेच काम. त्यामुळे संशय घ्यायला मला वेगळी तयारी लागत नाही. निघालो.

बडोद्याला सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं पिशवी हातातून घेतली तेव्हाच मी सावध झालो. दांडिया बाजार म्हटल्यावर तो मराठी माणूस ओळखून हिंदीत गप्पा मारू लागला. कुणाकडे आलात, किती दिवस, वगैरे. मी सहज म्हणून शिर्केबाईंचं नाव टाकून बघितलं.

“कप्तानबेन? मांजलपूरवाळा?” तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. “सीधा घरे ज लई जाउं ने, काका!” (सरळ घरीच नेतो की!)

हे मला मुळीच आवडलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी खेळ सोडलेल्या बाईचं घर रिक्षावाल्याला कसं ठाऊक? मी त्याला सांगितलं, आधी दांडिया बाजार. शत्रूच्या घरी जाण्याआधी गावात चौकशी करावी, हा माझ्या धंद्याचा नियम.

दांडिया बाजार हा बडोद्यातला जुना मराठी रस्ता. पाट्या गुजराती, मंदिरांतल्या आरत्या मराठी, आणि दुकानदारांची भाषा दोन्हींच्या मधली. एका गाडीवर सेव-उसळ खायला बसलो. वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर शेव, पातीचा कांदा, आणि शेजारी वेगळ्या भांड्यात लाल तर्री. तर्री किती घ्यायची ते आपण ठरवायचं असतं. मी पुणेरी अंदाजानं पळी भरून घेतली. पहिल्या घासाला ठसका लागला आणि दुसऱ्या पळीतली तर्री सदऱ्यावर सांडली, छातीवर, बरोबर खिशाखाली.

“हळवे हळवे, काका,” (सावकाश, काका) शेजारच्या बाकावरचे गृहस्थ पाण्याचा पेला पुढे करत म्हणाले. त्यांचं समोर पूजासाहित्याचं दुकान होतं. पिढ्यांपासून बडोद्यात, मूळचे साताऱ्याकडचे. मी वसुधा शिर्के यांच्याबद्दल विचारलं.

“आमच्या मंडळात सत्कार आहे ने त्यांचा. सत्तरी झाली. स्मरणिका काढतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “माणूस मोठा हां. पण ती एक मॅच... गावच्या पोरीला घेतली ने, तिथे चुकल्या. अमे बडोद्याचे, तरी खरं ते खरं.”

म्हणजे गावसुद्धा तेच म्हणत होतं. मला बरं वाटलं. दाव्याला दोन साक्षीदार मिळाले की अर्धं काम होतं.

दुपारी डागाळलेल्या सदऱ्यानं मांजलपूरला पोहोचलो. इकडे सगळ्या सोसायट्या, एकासारखी एक. खाली स्कूटरींची रांग. बाईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. उंच, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं.

“सेव-उसळ. आवो आवो. आधी सदरा काढा.”

परक्या बाईच्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या सदरा काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्यांनी डागावर डाळीचं पीठ थापलं आणि मला कुठल्यातरी स्पर्धेचा टी-शर्ट घालायला दिला. तो मला घट्ट होत होता. अशा अवस्थेत माणसाला करडं बोलता येत नाही. हे बाईंना नक्की माहीत असणार, असं माझ्या मनात आलं.

मी डबा टेबलावर ठेवला. “नलूताईनं परत पाठवलाय.”

“उघडलाही नाही?”

“नाही.”

“तशीच आहे ने ती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला की पाडला, हे मी ठरवू शकलो नाही.

मी घर बघून घेतलं. भारताच्या कॅप्टनच्या दिवाणखान्यात एक ढाल नाही, चषक नाही, फोटो नाही. तुळस, शिलाई मशीन आणि कोपऱ्यात मुलींच्या पॅड्सचा ढीग. एवढं साधं राहणाऱ्या माणसांची मला फार धास्ती वाटते.

“बक्षिसं कुठं ठेवलीत?” मी विचारलं.

“पलंगाखाली. धूळ कोण पुसणार?”

जेवायला वरण-भात, गोडसर कढी, वांग्याची भाजी. जेवता जेवता बाई आपली कहाणी सांगत गेल्या आणि मी ऐकत गेलो, एक कान बंद ठेवून. दांडिया बाजाराच्या बोळात चुलत भावांबरोबर रबरी चेंडूनं सुरुवात झाली. परकर खोचून. वडील सरकारी नोकर, त्यांना वाटायचं पोरगी पेटी शिकायला जाते. मग राज्याचा संघ, मग भारत. दौऱ्याला निघायचं ते बिनआरक्षणाच्या डब्यात, किटबॅगांवर बसून. उतरायचं शाळेच्या वर्गात, बाक सरकवून गाद्या टाकायच्या. चांगल्या पॅड्स मोजक्याच, म्हणून बाद झालेली बाई मैदानातून येता येता पट्टे सोडायची आणि पुढची तिथेच बांधायची.

“पहिल्यांदा कॅप्टन झाले तेव्हा टॉसला खिशात नाणंच नव्हतं. समोरच्या कॅप्टनकडून घेतलं. तिचं नाणं, माझा टॉस!” त्या मोकळेपणानं हसल्या. “परदेशात मालिका जिंकून आलो तर स्टेशनावर दोनच माणसं. एक माझा भाऊ, एक तुमच्या नलूचे बाबा. आजारी असून आले होते.”

बाबा स्टेशनवर गेले होते हे मला माहीत नव्हतं. मी हात थांबवला. तेवढ्यात बाईंनी एक विचित्र प्रश्न केला.

“नलू वरण-भात कशानं खाते? हातानं की चमच्यानं?”

“हातानं,” मी म्हटलं. “आमच्याकडे भाताला चमचा कुणी लावत नाही.”

“तेच ने,” त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

या “तेच ने”चा मला राग आला. समोरच्याला अर्धवट सांगून झुलवत ठेवायचं, हे खोट्या दावेदारांचं जुनं तंत्र आहे. मी विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? त्या म्हणाल्या, ऊन उतरू द्या, मैदानावर जाऊन बोलू.

संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. सत्तरीच्या बाईच्या मागे, घट्ट टी-शर्टात, मांजलपूरच्या गर्दीतून मी कसा गेलो ते मलाच माहीत. सिग्नलला दोघीतिघींनी “बेन, केम छो!” म्हणून हात केला. बेन प्रत्येकीला नावानं ओळखत होत्या.

मैदान म्हणजे एका शाळेचं पटांगण. पंधरा-वीस मुली जाळ्यांत खेळत होत्या. बाई जाळीमागे उभ्या राहिल्या आणि फलंदाजांकडे न बघता नुसत्या कीपरकडे बघत राहिल्या. मध्येच एका मुलीला हाक मारली, “ग्लोव्हज काढ. हात दाखव.” मुलीनं हात दाखवले. बाईंनी एकेक बोट दाबून बघितलं आणि तिला परत पाठवलं.

“रोज बघता?”

“रोज. कीपर सांगत नसतात. दुखलं तर जागा जाते ने.”

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर त्यांनी स्कूटर उभी केली. या नदीत मगरी आहेत, भर शहरात. कठड्यावरून लोक वाकून बघत होते. खाली चिखलाला लागून काहीतरी लांब, काळपट पडलं होतं. मी बराच वेळ त्याच्यावर नजर ठेवली.

“ते लाकूड आहे,” बाई म्हणाल्या. “मगर असती तर तुम्हाला दिसली नसती.”

आणि तिथे, त्या कठड्याला टेकून, त्यांनी सांगितलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव झाला, मग पंगतीला वरण-भात होता. नलूनं चमचा मागितला. बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही. वसुधाबाईंचं गेलं. नलू आणि चमचा? सकाळी मैदानावर त्यांनी म्हटलं, हात दाखव. नलूनं हात खिशात घातला. म्हणाली, मला खेळव, वसू.

“मीच तो ओढून बाहेर काढला. बोट मोडलं होतं. चिकटपट्टीनं शेजारच्या बोटाला बांधून ठेवलं होतं पोरीनं. मोडक्या बोटानं मी तिला अख्खी कसोटी विकेटमागे कशी उभी करू?”

“मग तसं सांगायचं होतं.”

“कुणाला? तिची रेल्वेतली नोकरी खेळाडूंच्या कोट्यातली. अजून कायम व्हायची होती. तुमचे बाबा अंथरुणावर, तुम्ही कॉलेजात. दुखापत लपवून उतरायला निघाली हे वर कळलं असतं तर शिस्तभंग. नोकरी गेली असती. मी निवड समितीला म्हटलं, नलू फॉर्मात नाही. फॉर्म काय, आज नाही तर उद्या येतो. वाटलं, पुढच्या दौऱ्याला घेऊच. पण पुढच्या दौऱ्याला मीच कॅप्टन नव्हते ने.”

गाड्यांचे आवाज चालू होते. मी विचारलं, “आणि आता एवढ्या वर्षांनी हे का काढताय? सत्कार आहे म्हणून? नावावरचा डाग पुसायचाय?”

“पुसायचाय,” त्या सरळ म्हणाल्या. “का नको वाटेल? पण माझं एक वेळ जाऊ द्या. ती रेखा, जिनं कॅच सोडला. निजामपुऱ्यात राहते. त्या दिवसापासून मैदानावर पाय ठेवला नाही तिनं. कॅप्टनची लाडकी, कॅप्टनची लाडकी, म्हणून लोकांनी जीव नकोसा केला. तिला तर सकाळी मैदानावर आल्यावर कळलं की आज खेळायचंय. स्मरणिकेत सगळं लिहून झालंय, फक्त ती मॅच बाकी आहे. नलू हो म्हणाली तर खरं छापते. नाही म्हणाली तर ती मॅच गाळते. तिच्या परवानगीशिवाय एक अक्षर नाही. यासाठी फोन केला. यासाठी चिवडा.”

स्वतःचं काम साधायला दुसऱ्याचं दुःख पुढे करणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी फक्त एक प्रश्न विचारला. सगळ्या दाव्यांत मी तो शेवटी विचारायचो.

“बोट कुठलं होतं?”

“मधलं,” बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. “उजव्या हाताचं मधलं.”

नलूताईचं वाकडं बोट करंगळीशेजारचं आहे. मला हवी ती खोट मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला त्या आल्या. धुतलेला, इस्त्री केलेला सदरा दिला. डाग गेला होता. खिडकीतून डबाही आत दिला. मी नको म्हणेपर्यंत गाडी हलली होती आणि त्या फलाटावरून ताठ चालत निघाल्या होत्या, मागे न बघता.

भरूच सुटल्यावर नर्मदेचा पूल लागतो म्हणून सगळे खिडकीशी आले. मी बघितला असेन, पण आठवत नाही. मी बोटांचा विचार करत होतो. खोटा दावा करणारा माणूस तपशील घोकून येतो, बोट चुकत नाही. ज्यानं खरंच बघितलेलं असतं तो चाळीस वर्षांनी कुठेतरी चुकतोच. आणि दुसरं म्हणजे नख. दारात सापडलेल्या बोटाचं नख आधी जातं, आणि पुन्हा आलं तरी वेडंवाकडं येतं. ही गोष्ट मी किती फायलींवर लिहिली असेल. नलूताईचं नख मात्र गुळगुळीत, सुरेख आहे. दिवाळीला ती त्याला रंग लावते. नुसतं पेरं झुकलंय. चेंडू समोरून टोकावर बसला की झुकतं तसं.

उभा जन्म जगावर संशय घेतला आणि दर रविवारी समोर जेवायला बसणारा हात कधी तपासला नाही. मला स्वतःचंच हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

रविवारी नलूताई आमच्याकडेच जेवते. मी तिला सगळं सांगितलं. रिक्षावाला, सेव-उसळ, पलंगाखालची बक्षिसं, बाबा स्टेशनवर गेले होते ते. ती मान खाली घालून वरण-भात कालवत होती. करंगळीशेजारचं बोट नेहमीसारखं वेगळं, भाताला न लागणारं.

“काय हवंय तिला, ते बोल.”

“ती म्हणते, आदल्या दिवशीच तुझं बोट मोडलं होतं. मधलं बोट.”

“मधलं?” नलूताई ताडकन म्हणाली. “मधलं कुठलं? हे! हे मोडलं होतं! आख्खी रात्र ठणकत होतं, आणि बाईसाहेबांच्या साधं बोटसुद्धा लक्षात...”

तिचा हात तसाच वर राहिला. शितं कोरडी व्हायला लागली.

“आणि कपाटाचं दार?” मी हळूच विचारलं.

“आई विचारायला लागली. काहीतरी सांगायला नको?” ती ताटाकडे बघत म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. “मला काढलं, बरोबर केलं रे. एक चेंडू धरता आला नसता मला. पण फॉर्म? पेपरात आलं, नलिनी फॉर्मात नाही. बाबांनी वाचलं ते. त्या मोसमात माझ्या हातून काही सुटलं नव्हतं, विनू. काही म्हणजे काही नाही. आणि खरं सांगावं तर नोकरी जाते. मग तिच्यावर रागावण्यावाचून मी करणार काय होते?”

तिनं हात धुतला आणि फोन मागितला. पलीकडून उचलल्याबरोबर, कसलीही विचारपूस न करता बोलू लागली.

“वसू, नलू बोलतेय. छाप. पण मधलं नाही, करंगळीशेजारचं. आणि वर आधी लिही की मी फॉर्मात होते... हो. हो... रडतेस काय, सत्तर वर्षांची बाई... बरं, त्या रेखाचा नंबर दे मला. मीच बोलते तिच्याशी.”

लोक विचारतात, बडोद्यात काय बघितलं? राजवाडा राहिला, सूरसागर तलाव रिक्षातून ओझरता दिसला, मगर तर दिसलीच नाही. पुन्हा जायचंच आहे, सत्काराला, या वेळी दोघांनी.

फोन ठेवून नलूताईनं डब्याचं झाकण उघडलं. तीन प्रवासांच्या उन्हानं चिवड्याला वास लागला होता. मी तिच्यापुढे चमचा केला. तिनं तो बाजूला सारला आणि उजव्या हातानं बकाणा भरला.

“खवट झालाय,” ती म्हणाली, आणि पुन्हा डब्यात हात घातला.